पाटी काढायला सांगितली होती, घर पाडायला नाही

मांडव घालायला सगळी भावकी येते, उतरवायला मांडववाल्याची दोन पोरं. सॉफ्टवेअरचंही अगदी तस्संच आहे. इन्स्टॉलरवर लोक महिनोन्‌महिने खपतात, त्याला टक्केवारीची पट्टी, शेवटी 'अभिनंदन!' वगैरे. अनइन्स्टॉल मात्र रिलीजच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी घाईघाईत टंकतं. त्याची चाचणी म्हणजे 'चालवलं, एरर आली नाही, चला चहाला.'

तर या वीकांताचं भांडण पॅकेज मॅनेजरांशी. माझं म्हणणं असं आहे की आपण रोज वापरतो त्यातली बरीचशी पॅकेज मॅनेजरं सॉफ्टवेअर काढताना चक्क अंदाजाने काढतात. कारण घालताना आपण नेमकं काय केलं याची धड नोंद त्यांनी ठेवलेली नसते. साध्या फाईलींच्या बाबतीत हा अंदाज खपून जातो. सिम्बॉलिक लिंक आणि डिरेक्टरी आली की मात्र पितळ उघडं पडतं.

आता लगेच कुणीतरी म्हणणार, 'अरे पण आजकाल अनइन्स्टॉल करतंय कोण?' तुम्ही करताय, मंडळी. दर अपडेटला करताय. अपग्रेड म्हणजे नवीन आवृत्ती घालणं आणि जुन्या आवृत्तीत होतं पण नव्यात नाही ते काढून टाकणं. हे दुसरं अर्धं काम म्हणजे शुद्ध अनइन्स्टॉल, फक्त ते करताना तुम्हाला 'नक्की ना?' असं विचारत नाहीत. सर्व्हरवर रात्री आपोआप होणाऱ्या अपडेटमध्येही हेच चालू असतं.

सिमलिंक म्हणजे काय हे ज्यांना रोजच्या कामात लागत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सिमलिंक म्हणजे पुणेरी पाटी. 'जोशी पुढच्या गल्लीत राहतात. येथे बेल वाजवू नये.' पाटीवर फक्त पत्ता असतो, घर दुसरीकडेच असतं. १९८३च्या ४.२ बीएसडी युनिक्सबरोबर ही सोय आली आणि तिथपासून कर्नलचं वागणं अगदी सरळ आहे: 'अनलिंक' म्हटलं की पाटी निघते, घराला धक्का लागत नाही. 'उघड', 'लिही' म्हटलं की मात्र तो पाटी वाचून मुकाट पुढच्या गल्लीत जातो. त्यातली गोम अशी की पाटी मार्गाच्या शेवटी असेल तरच 'अनलिंक' तिला पाटी मानतं. मार्गाच्या मधोमध असेल तर तीही ओलांडून पुढे जातं. '/लिब' ही स्वतः पाटी असेल आणि तुम्ही '/लिब/अमुक' काढायला सांगितलंत, तर जी फाईल उडते ती भलत्याच घरातली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

डिरेक्टरीची भानगड वेगळी. डिरेक्टरी म्हणजे सोसायटीचा जिना. सगळे वापरतात, मालक कुणीच नाही. '/यूएसआर/शेअर' कुणाची? शेकडो पॅकेजं तिच्यात सामान ठेवतात. त्यातलं एक भाडेकरू घर सोडून गेलं म्हणून जिना पाडायचा नसतो, पण शेवटचा भाडेकरू गेला की रिकामा जिना तसाच ठेवणंही बरं नाही. मग कोणी ठरवायचं?

आता नोंदींकडे वळू. डेबियन आणि उबुंटूवर पॅकेज घालणारं-काढणारं खालच्या थरातलं हत्यार म्हणजे डीपीकेजी. ते प्रत्येक पॅकेजसाठी '/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो' या डिरेक्टरीत एक यादी ठेवतं. उबुंटू असेल तर आत्ता उघडून बघा. ओळीला एक मार्ग, बस्स. ती फाईल आहे, डिरेक्टरी आहे की सिमलिंक आहे, सिमलिंक असेल तर कुठे बोट दाखवत होती, काही म्हणजे काही लिहिलेलं नाही. शेजारी एमडी५ बेरजांची फाईल असते, पण तीही फक्त साध्या फाईलींची. आणि गंमत म्हणजे यादीची पहिलीच ओळ '/.' अशी असते, म्हणजे कागदोपत्री जवळपास प्रत्येक पॅकेजच्या नावावर अख्ख्या डिस्कचं मूळ आहे. सातबाऱ्यावर एवढी नावं एकत्र मी फक्त आमच्या गावच्या जमिनीवर बघितली आहेत.

मग काढताना डीपीकेजी काय करतं? यादी उलटीकडून वाचतं. मार्गावर डिरेक्टरी दिसली, किंवा डिरेक्टरीकडे नेणारी पाटी दिसली, तर आधी बघतं की दुसऱ्या कुठल्या पॅकेजच्या यादीत हाच मार्ग आहे का. असेल तर हात लावत नाही. नसेल तर 'आरएमडिर' करून बघतं. रिकामी असेल तर गेली, नसेल तर 'रिकामी नाही म्हणून काढली नाही' असा इशारा देऊन पुढे जातं. हे चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही. फक्त लक्षात घ्या की हे सगळं *आत्ता डिस्कवर काय दिसतंय* यावर ठरतं. घालताना काय केलं होतं यावर नाही. सामान हलवणाऱ्यांनी यादीत फक्त 'हॉलमधली वस्तू', 'बेडरूममधली वस्तू' एवढंच लिहावं, आणि नेताना समोर जे दिसेल ते त्या नावाखाली उचलावं, तसं.

याचा त्रास कसा होतो त्याचं सर्वांत नेमकं उदाहरण खुद्द डेबियनच्या नियमावलीतच आहे. नियम असा: अपग्रेड होताना डीपीकेजी कधीही डिरेक्टरीच्या जागी सिमलिंक किंवा सिमलिंकच्या जागी डिरेक्टरी बसवणार नाही. जे आहे ते तसंच ठेवणार, आणि पाटी असेल तर पाटीमागे जाणार. हेतू उत्तम. एखाद्या अ‍ॅडमिनने डिस्क भरली म्हणून एखादी डिरेक्टरी मोठ्या डिस्कवर हलवली आणि जुन्या जागी पाटी लावली, तर अपडेटने ती पाटी उखडू नये. मशीनच्या मालकाचा शब्द शेवटचा. मला हे मनापासून पटतं.

पण पॅकेजवाल्यालाच जर आपली जुनी डिरेक्टरी बदलून तिथे सिमलिंक ठेवायची असेल तर? तर डीपीकेजी ऐकत नाही. कारण समोरची डिरेक्टरी आपल्याच मागच्या आवृत्तीने ठेवली होती की अ‍ॅडमिनने, हे त्याला सांगता येत नाही. यादीत लिहिलंच नाही ना! मग पॅकेजवाल्याने वेगळी मदतनीस स्क्रिप्ट वापरून इन्स्टॉलच्या आधी, नंतर आणि फसलं तर परत, अशा तीन-चार ठिकाणी हा बदल हाताने घडवून आणायचा. विसरला तर सिमलिंक बनतच नाही आणि तिच्यामागे जे सापडायला हवं होतं ते सापडत नाही. एका शब्दाची नोंद वाचवली म्हणून हजारो पॅकेजवाल्यांनी आयुष्यभर शेल स्क्रिप्टा लिहायच्या. याला मी तरी काटकसर म्हणणार नाही.

आता खरं महाभारत. '/बिन', '/लिब' वगैरे जुन्या डिरेक्टऱ्या '/यूएसआर'च्या आतल्या त्याच नावांच्या डिरेक्टऱ्यांत विलीन करायच्या आणि बाहेर फक्त सिमलिंका ठेवायच्या, अशी टूम निघाली. फेडोराने हे २०१२ साली फेडोरा १७ मध्ये उरकून टाकलं. आर्च लिनक्सवाल्यांनी २०१२-१३ मध्ये दोन टप्प्यांत केलं. त्यांच्या बातम्यांत स्पष्ट बजावलेलं होतं की पॅकमनला 'फोर्स' हा पर्याय देऊ नका. (अर्थात लोकांनी दिलाच, आणि मग मशीन सुरू होईना म्हणून गळे काढले. पुढे पॅकमनमधून तो पर्यायच गेला आणि कुठल्या फाईली दडपायच्या ते नेमकं सांगावं लागणारा 'ओव्हरराइट' आला. ही सुधारणा मला फार आवडते.)

डेबियनला मात्र याच कामाला कित्येक वर्षं लागली. २०१९च्या डेबियन १० पासून नव्या मशीनवर ही रचना आपोआप येऊ लागली, २०२३च्या डेबियन १२ मध्ये ती सक्तीची झाली, आणि पॅकेजांच्या आतले मार्ग बदलून काम पुरं झालं ते २०२५च्या डेबियन १३ मध्ये. का एवढा वेळ? राजकारण होतंच, डेबियनमध्ये ते नसेल तर लोकांना चुकल्यासारखं होतं. पण तांत्रिक कारण बघा, कारण तिथेच माझा मुद्दा आहे.

समजा 'क' नावाच्या पॅकेजमध्ये '/लिब/अमुक' ही फाईल होती. नव्या आवृत्तीत ती 'क' मधून काढून 'ख' या पॅकेजमध्ये टाकली आणि लगे हाथ मार्गही नवा दिला, '/यूएसआर/लिब/अमुक'. डिस्कवर '/लिब' ही आता '/यूएसआर/लिब'कडे नेणारी पाटी आहे, म्हणजे दोन्ही मार्ग एकाच फाईलचे. तुम्ही अपग्रेड करता. डीपीकेजी आधी 'ख' उलगडतं आणि फाईल लिहितं. दोन पॅकेजं एकाच फाईलवर हक्क सांगताहेत हे त्याला कळतच नाही, कारण ते मार्ग अक्षरानुसार ताडतं, आणि अक्षरं तर वेगळी आहेत! मग पाळी येते 'क'ची. जुन्या यादीत '/लिब/अमुक' होतं, नव्यात नाही. म्हणजे काढा. काढलं. पाटीमागे जाऊन 'ख'ने दोन सेकंदांपूर्वी ठेवलेली नवीकोरी फाईल उडवली. एरर नाही, इशारा नाही. डीपीकेजीला विचाराल तर 'क' उत्तम, 'ख' उत्तम. फक्त फाईल तेवढी जागेवर नाही.

यातली विनोदी बाब अशी की फाईल एकाच पॅकेजच्या आत हलली असती तर काही बिघडलं नसतं. त्या वेळी डीपीकेजी आयनोड ताडून बघतं, म्हणजे डिस्कवरची खरी ओळख, आणि 'ही तर आपलीच नवी फाईल' म्हणून सोडून देतं. म्हणजे ओळख कशी पटवायची ते त्याला माहीत आहे. शेजारच्या पॅकेजसाठी ते करायचं नाही एवढंच ठरलेलं.

मग डेबियनने काय केलं? तांत्रिक समितीने अशा फाईली हलवायलाच बंदी घातली. हजारो पॅकेजांच्या देखभालकर्त्यांना सांगितलं की हलू नका, आहे तिथेच उभे राहा. ही बंदी डेबियन १२ बाहेर पडेपर्यंत तरी होती. त्यानंतर हेल्मुट ग्रोह्ने या गृहस्थांनी पुढाकार घेऊन, कुठल्या पॅकेजांच्या जोडीत अशी फाईल हरवू शकते हे शोधणारं हत्यार लिहिलं, आणि एकेक पॅकेज पुढे सरकवत नेलं. माणूस थोर आहे, पण एवढ्या थोरपणाची गरज का पडावी? पाटी आणि घर यांतला फरक यंत्राने ओळखायचा की माणसांनी दोन वर्षं पहारा द्यायचा?

आरपीएमकडे, म्हणजे फेडोरा आणि रेड हॅटच्या बाजूला, हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. आरपीएम प्रत्येक मार्गाचा प्रकार, परवानग्या, बेरीज आणि सिमलिंक असेल तर तिचं लक्ष्य, सगळं नोंदवून ठेवतं. 'आरपीएम -व्ही' चालवलंत तर पाटी दुसरीकडे फिरवलेली आहे हेसुद्धा तो सांगतो. आणि दोन मार्ग एकच आहेत का हे बघताना तो डिरेक्टरीचा डिव्हाईस क्रमांक आणि आयनोड घेऊन 'ठसा' काढतो, नुसती अक्षरं बघत नाही. म्हणजे अशक्य काही नाही, फार जुन्या काळापासून लोक हे करताहेत. आरपीएमच्या गोटातल्यांनी फार हुरळून जाऊ नये, डिरेक्टरीच्या जागी सिमलिंक ठेवायची म्हटली की त्यांचंही पॅकेज उलगडताना मधेच अडकतं. त्यासाठी फेडोराच्या मार्गदर्शिकेत लुआ भाषेतली एक तयार स्क्रिप्ट डकवायला दिलेली आहे. इथेही ओझं पॅकेजवाल्याच्याच डोक्यावर.

स्लॅकवेअरची जुनी तऱ्हा तर फारच लोभस. तिथे पॅकेज बनवताना सिमलिंका बाहेर काढून एका शेल स्क्रिप्टीत 'अमुक डिरेक्टरीत जा, अमुक लिंक बनव' अशा आज्ञांच्या रूपात लिहितात. आणि काढताना? काढणारा प्रोग्राम तीच जुनी स्क्रिप्ट उघडून, ओळी चाळून, आपण कुठल्या लिंका बनवल्या होत्या ते शोधतो. स्वतःचीच डायरी वाचून कालची उधारी शोधणारा माणूस. हसू येतं, पण नोंद तरी आहे!

आता डिरेक्टरीकडे, म्हणजे जिन्याकडे. इथला सगळा गोंधळ एका क्रियापदाचा आहे. 'मी बनवली' आणि 'नसेल तर बनव म्हटलं होतं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इन्स्टॉल करताना दोन्हींचा परिणाम एकच दिसतो, डिरेक्टरी हजर असते. काढताना मात्र पहिल्यात तुम्ही मालक आहात, दुसऱ्यात तुम्ही पाहुणे.

जून २०२४ मध्ये सिस्टमडीची २५६ ही आवृत्ती आली. तिच्यातल्या टीएमपीफाईल्स या हत्याराला 'पर्ज' हा नवीन पर्याय दिला. हे हत्यार साध्या ओळींतून 'अमुक डिरेक्टरी अमुक परवानग्यांनी असू दे' असं सांगायचं साधन. नावात 'टेंप' आहे म्हणून लोकांना वाटलं, तात्पुरता कचरा साफ होईल. पण 'पर्ज'चा अर्थ होता, या ओळींनी बनवलेलं सगळं काढा. आणि सिस्टमडीबरोबर येणाऱ्या ओळींपैकी एक होती '/होम' साठी. 'नसेल तर बनव.' चालवणाऱ्याचं '/होम' गेलं. हो, अख्खं. '/होम'मधले फोटो सिस्टमडीने काढले होते का? पण त्याच्या हिशेबी ओळ त्याची, म्हणून डिरेक्टरी त्याची, म्हणून आतलं सगळं त्याचं. जिन्याला रंग लावायला बोलावलेल्या रंगाऱ्याने जाताना जिना आणि वर राहणारी बिऱ्हाडं घेऊन जावीत. पहिला प्रतिसाद 'कागदपत्रं वाचायची होती' या थाटाचा होता. लगेचच्या दुरुस्तीत मात्र कुठली कॉन्फिग फाईल ते सांगितल्याशिवाय 'पर्ज' चालेनासं केलं. म्हणजे चूक कुणाची ते सर्वांना कळलेलं होतंच.

हा रोग नवा नाही. १९९८च्या शेवटी बंजी कंपनीचा 'मिथ २' हा गेम बाजारात आला. त्याचा अनइन्स्टॉलर ज्या फोल्डरमध्ये गेम घातला ते फोल्डरच पुसून टाकत असे. कुणी डिस्कच्या मुळाशीच गेम घातला तर? तर डिस्क साफ. कंपनीने माल परत बोलावला. मधे पाव शतक गेलं, गेमच्या जागी सिस्टमडी आलं, चूक तीच.

पॅकेज मॅनेजर निदान 'आरएमडिर' वापरतात आणि भरलेल्या डिरेक्टरीला हात लावत नाहीत. खरा हैदोस घालतात त्या पॅकेजांबरोबर येणाऱ्या, काढताना चालणाऱ्या स्क्रिप्टा. यांत 'आरएम -आरएफ' असतं आणि ते रूटच्या अधिकाराने चालतं. इथे एका चांदणीचा फरक समजून घ्या. 'आरएम -आरएफ लॉग' म्हटलं आणि 'लॉग' ही पाटी असेल तर फक्त पाटी जाते. 'आरएम -आरएफ लॉग/*' म्हटलं तर शेल आधी ती चांदणी उलगडतं, म्हणजे पाटीमागे जाऊन घरातल्या वस्तूंची यादी करतं, आणि मग त्या वस्तू एकेक करून जातात. पाटी मात्र दिमाखात जागेवर.

आमच्या एका ग्राहकाकडे हेच झालं. कुठल्याशा कंपनीचा देखरेख करणारा एजंट होता (नाव नको, त्यांचे वकील आमच्यापेक्षा महाग आहेत). त्याच्या लॉगांनी डिस्क भरायची म्हणून तिथल्या अ‍ॅडमिनने त्याची लॉग डिरेक्टरी मोठ्या डिस्कवरच्या सामायिक लॉग डिरेक्टरीकडे वळवली. रीतसर पाटी लावून, बदलाची नोंद करून. वर्षभराने करार संपला, एजंट काढला. काढतानाच्या स्क्रिप्टीत ती चांदणी होती. एजंटच्या लॉगांबरोबर शेजारच्या चार अ‍ॅप्लिकेशनांचे लॉग गेले, आणि त्यांतला एक ऑडिटसाठी सात वर्षं ठेवायचा होता. कंपनीचं उत्तर आलं: 'सिमलिंक केलेली रचना आम्ही सपोर्ट करत नाही.'

या उत्तराने माझं डोकं फिरतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! सिमलिंक हा काही चोरटा मार्ग नाही, फाईल सिस्टिमचा तो अधिकृत, कागदोपत्री, चाळीस वर्षांचा नागरिक आहे. अ‍ॅडमिनने आपल्या मशीनवर, आपल्या डिस्कवर, जागेची सोय लावली. घर त्याचं आहे. तुम्ही भाडेकरू. 'तुमच्या भिंतीला दार होतं म्हणून मी शेजाऱ्याचं सामान फेकलं' हा बचाव कुठल्या सोसायटीच्या सभेत चालेल?

आणि हे छोट्या कंपन्यांचंच आहे असं नाही. जानेवारी २०१५ मध्ये स्टीमच्या लिनक्स आवृत्तीने एका वापरकर्त्याच्या सगळ्या फाईली उडवल्या, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्यासुद्धा. त्याने केलं काय होतं? स्टीमची डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर हलवून जुन्या जागी सिमलिंक लावली होती. स्क्रिप्ट स्वतःचं ठिकाण शोधायला गेली, सापडलं नाही, चलाची किंमत रिकामी राहिली, आणि पुढच्या ओळीत 'त्या रिकाम्याच्या खालचं सगळं' म्हणजे मुळापासून सगळं पुसायची आज्ञा. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने शेरा मारला होता, 'भीतीदायक!' कळत होतं, तरी वळलं नाही.

बरं, 'आधी तपासा, मग काढा' एवढंही पुरत नाही. तपासणं आणि काढणं यांच्या मधल्या क्षणी कुणी डिरेक्टरी हलवून तिथे पाटी लावली तर? रूटने चालणारी स्क्रिप्ट साध्या वापरकर्त्याला लिहिता येणाऱ्या डिरेक्टरीत साफसफाई करत असेल तर हा सरळ हल्ल्याचा मार्ग आहे. जानेवारी २०२२ मध्ये रस्ट या भाषेच्या प्रमाण लायब्ररीत हीच फट सापडली आणि १.५८.१ मध्ये बुजवली. रस्टवाल्यांकडून सुटलं, तिथे रिलीजच्या आदल्या संध्याकाळी टंकलेल्या तुमच्या शेल स्क्रिप्टीची काय कथा.

माझे कंटेनरवादी मित्र या सगळ्यावर हसतात. 'आम्ही काढतच नाही, इमेज फेकतो आणि नवी घेतो.' छान. त्या इमेजच्या खाली जे मशीन आहे ते कोण अपडेट करतं, इमेज बनताना आत कुठलं पॅकेज मॅनेजर चालतं, आणि कंटेनरला जोडलेल्या डेटाच्या डिरेक्टऱ्या कुणाच्या, एवढी तीन उत्तरं द्या, मग बोलू. निक्सवाल्यांशी मात्र मी भांडत नाही, कारण त्यांनी प्रश्नच उलटा केला. प्रत्येक पॅकेजला स्वतंत्र, पुन्हा न बदलणारी डिरेक्टरी, आणि बाहेरच्या जगात फक्त सिमलिंका. काढणं म्हणजे पाटी उतरवणं, आणि जिच्याकडे कुठलीच पाटी बोट दाखवत नाही ती डिरेक्टरी नंतर झाडूवाला नेतो. तिथेही '/व्हार'मधला चालू डेटा उरतोच, पण प्रोग्रामच्या फाईलींपुरता हिशेब चोख आहे. किंमत म्हणून डिस्क खातं आणि शिकायला महिना जातो. मला अजून तेवढं धाडस झालेलं नाही.

बाकीच्यांकडून माझी मागणी क्रांतीची नाही. घालताना मार्गाशेजारी त्याचा प्रकार आणि लिंकचं लक्ष्य लिहा. डिरेक्टरी तुम्ही बनवलीत की आधीच होती तेही लिहा, एका अक्षराचं काम आहे. काढताना समोर जे आहे ते नोंदीशी ताडा, पाटीमागे न जाता. जुळलं तर काढा, नाही जुळलं तर हात लावू नका आणि काय सोडलं ते मोठ्याने सांगा. पिप या पायथनच्या इन्स्टॉलरला लोक पुष्कळ शिव्या घालतात, पण जुन्या पद्धतीने घातलेलं पॅकेज काढायला सांगितलं की तो साफ म्हणतो: यातल्या कुठल्या फाईली याच्या ते मला खात्रीने सांगता येत नाही, म्हणून काढत नाही. लोक या एररवर वैतागतात. मला तो अख्ख्या जमातीतला सर्वांत सभ्य माणूस वाटतो.

आणि तुम्ही स्वतः पॅकेज बनवत असाल, हापिसातलं अंतर्गत का असेना, तर सोमवारी एवढं करून बघा. एक फेकायचं व्हर्च्युअल मशीन घ्या. पॅकेज घाला. त्याची डेटाची डिरेक्टरी दुसरीकडे हलवा, जुन्या जागी सिमलिंक लावा, आणि नव्या जागेत शेजारी एक परकी फाईल ठेवा. आता अपग्रेड करा, काढा, 'पर्ज' करा, परत घाला. दर पायरीला बघा, पाटी आहे का, डेटा आहे का, परकी फाईल आहे का. डेबियनवर असाल तर पिउपार्ट्‌स नावाचं हत्यार घालणं-अपग्रेड-काढणं ही फेरी आपोआप करून काय मागे राहिलं त्याची यादी देतं, पण ती परकी फाईल तुम्हालाच ठेवावी लागेल. अर्ध्या तासाचं काम आहे. आमच्या टीममध्ये तीन पॅकेजांवर केलं, त्यातल्या दोघांत चांदणी सापडली.